ताईंचे अठ्ठेचाळीस गुण

हॉस्पिटलच्या तळघरातल्या लाँड्रीत रोज हजारभर चादरी उतरायच्या. तिथल्या प्रमुख ताईंचं म्हणणं असं, की चादरीपेक्षा माणूस ओळखणं सोपं. चादरीवरचा डाग रक्ताचा की औषधाचा, हे उजेडात धरून बघावं लागतं. माणूस तर जिना उतरायला लागला की पायांच्या आवाजावरूनच कळतो.

बावीस वर्षं त्या लाँड्रीत होत्या. जिन्याच्या पायथ्याशी त्यांचं टेबल, डावीकडे धुण्याची तीन मोठी यंत्रं, मधोमध घड्या घालायचं लांबलचक मेज, आणि पार टोकाला, छताजवळच्या एकुलत्या एका खिडकीखाली, इस्त्रीची जागा. टेबलावर बसल्या बसल्या त्यांना सगळे दिसायचे, आणि दिसले की त्यांच्या मनातलंही दिसतं अशी त्यांची पक्की खात्री होती. त्यामुळे समोरच्याचं वाक्य पुरं व्हायची त्यांना गरजच पडायची नाही.

एकदा यंत्रवाला त्यांच्यापुढे येऊन म्हणाला, "ताई, उद्या मला जरा..."

"उशीर होणार. मुलीच्या शाळेत जायचंय. तोंडावर दिसतंय की. या सावकाश."

त्याला म्हणायचं होतं की उद्या मला जरा नवा पट्टा मागवून द्या, मधल्या यंत्राचा झिजलाय. पण सवलत मिळालीच आहे तर कशाला सोडा, म्हणून तो दुसऱ्या दिवशी उशिरा आला. पट्टा त्याच्या आधी तुटला.

ताई मनानं वाईट नव्हत्या. कोणी आजारी पडलं तर त्या स्वतः घरी जायच्या, कोणाची बाजू घ्यायची वेळ आली तर वरच्या मजल्यावर जाऊन डॉक्टरांशीही भांडायच्या. फक्त आपलं माणूस आपल्याला आरपार कळतं, याबद्दल त्यांच्या मनात तिळभर शंका नव्हती.

रस्त्याच्या पलीकडे हॉस्पिटलची नवी इमारत उभी राहत होती. तिथे स्वतंत्र लाँड्री होणार, बारा नवी माणसं घेणार, आणि तिचा प्रमुख इथूनच जाणार, असं ठरलं होतं. तो प्रमुख कोण, याबद्दल ताईंनी डोक्याला त्रास दिला नव्हता. नव्या लाँड्रीला रस्त्याच्या उंचीवर मोठमोठ्या खिडक्या आहेत हे ऐकल्यावर त्यांनी आपलं टेबल कुठल्या खिडकीशी लावायचं, एवढंच ठरवून ठेवलं होतं.

मग एक दिवस कर्मचारी विभागातल्या मॅडम कागदांचा गठ्ठा घेऊन खाली आल्या. तिशीच्या आतल्या, बोलायला गोड, पण हातातली फाईल छातीशी ढालीसारखी धरून उभं राहायची सवय. त्यांनी प्रत्येकाला एक कागद दिला. वर लिहिलं होतं, 'कामाच्या ठिकाणची भावनिक समज'. खाली दहा वाक्यं, आणि प्रत्येकापुढे स्वतःला पाचपैकी गुण द्यायचे.

"सहकाऱ्याची मनःस्थिती माझ्या लगेच लक्षात येते," ताईंनी मोठ्यानं वाचलं आणि पाच लिहिले. "मी दुसऱ्याचं लक्षपूर्वक ऐकते." पाच. असं करत त्या नवव्या वाक्यावर थांबल्या. 'मी माझ्या चुका मोकळेपणानं मान्य करते.' त्यांनी आठवून बघितलं. मान्य करण्याजोगी चूकच आठवेना. तेव्हा आपल्याला याचा सराव कमी आहे असं प्रामाणिकपणे ठरवून त्यांनी तिथे तीन दिले. एकूण अठ्ठेचाळीस.

इस्त्रीच्या जागेवर जो माणूस उभा असायचा त्याला सगळे कडक म्हणायचे. डॉक्टरांचे कोट तो असे कडक करायचा की ते नुसते टेकवले तर उभे राहतील, म्हणून ते नाव पडलं. स्वभावानं मात्र अगदी मऊ माणूस, पन्नाशीला टेकलेला, दिवसाकाठी वीस वाक्यं बोलला तर खूप. त्यानं तो कागद जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीच्या फळीवर पसरला आणि सुट्टी संपेपर्यंत पेन्सिल कानाला लावून बघत राहिला. ताई जाता जाता डोकावल्या. बेरीज सतरा होती.

त्यांना त्याची दया आली. "अहो, एवढे कमी कशाला लिहिलेत?"

"मला खरंच काही कळत नाही ताई, कुणाच्या मनात काय आहे ते."

"ते खरंय," ताई मायेनं म्हणाल्या, "पण कागदावर माणसानं थोडं वाढवून लिहावं."

त्याच दिवसांत ताईंचं लक्ष एका वेगळ्याच गोष्टीकडे लागलं होतं. घड्या घालायच्या मेजावर जी घडीवाली होती, तिचं काहीतरी बिनसलं होतं. पंचविशीतली, चादरीची दोन टोकं पकडून झटका देताना खोखो हसणारी ही मुलगी गेले तीन-चार आठवडे गप्प होती. हसणं बंद, चहा बंद. जेवायला बसली तर भिंतीकडे तोंड करून. कोणी काही विचारलं तर तोंडावर टॉवेल धरून 'हूं' एवढंच.

ताईंनी पहिल्याच दिवशी ओळखलं. नवरा. लग्नाला दीड वर्ष झालं होतं, म्हणजे वेळही बरोबर जुळत होती. नवरा पावाची गाडी चालवायचा, पहाटे घराबाहेर पडायचा. हा सगळा प्रकार काय असणार, हे ताईंना वेगळं सांगायला नको होतं.

त्यांनी लगेच पावलं उचलली. तिला जड चादरींवरून काढून उशांच्या अभ्र्यांवर बसवलं. आठवडाभर तिला लवकर घरी पाठवलं. मग एकदम लक्षात आलं, की अरे, त्रास तर घरीच आहे, तेव्हा पुढचा आठवडा तिला उशिरापर्यंत ठेवून घेतलं. बाकीच्यांना एकेक करून बाजूला घेऊन सांगितलं, "तिच्याशी जरा जपून बोला. विचारू नका काही. मला सगळं माहीत आहे." यंत्रवाल्यानं शिट्टी वाजवणं सोडलं. ओल्या चादरी दाबून सपाट करायच्या रोलरवरच्या बाईनं आपल्या नवऱ्याच्या गमती सांगणं बंद केलं. एवढ्या मोठ्या यंत्रांच्या घरघरीत सगळे कुजबुजत बोलू लागले, त्यामुळे कुणालाच काही ऐकू येईना.

दहा दिवसांनी मॅडम पाकिटं घेऊन परत आल्या. ताईंनी आपलं पाकीट सगळ्यांच्या देखत फोडलं, आणि आतला आकडा बघून म्हणाल्या, "मॅडम, हे दुसऱ्या कुणाचं तरी आलंय."

"नाही, तुमचंच आहे."

"एकवीस लिहिलेत. मी अठ्ठेचाळीस लिहिले होते."

मॅडमनी फाईल आणखी घट्ट धरली. "ते तुमचे स्वतःचे होते, ताई. वरच्या मजल्यापासून खालपर्यंत जवळजवळ सगळ्यांनीच स्वतःला चाळीसच्या वर दिलेत. एवढी समज या इमारतीत असती तर माझ्याकडे तक्रारींनी भरलेलं कपाट नसतं. म्हणून मग प्रत्येकाबद्दल बाकीच्यांना विचारलं. नाव न लिहिता."

ताईंनी लाँड्रीवर एक नजर फिरवली. सगळे एकाएकी कामात बुडाले होते. यंत्रवाला तर बंद यंत्राच्या काचेतून आत बघत होता.

"आणि सगळ्यात जास्त कुणाला?"

"इस्त्रीवाल्या दादांना. शेहेचाळीस."

कडकनं आपल्याकडचं पाकीट उघडलंच नव्हतं. त्यानं ते कोटाच्या बाहीखाली सरकवलं आणि इस्त्री पुढे नेली.

ताईंचे यजमान घड्याळं दुरुस्त करायचे. घरातल्याच एका खोलीत त्यांचं दुकान होतं. त्या संध्याकाळी ताईंनी मॅडमच्या दहा वाक्यांचा न भरलेला कागद त्यांच्यापुढे ठेवला. "हे भरा. माझ्याबद्दल. अगदी खरं खरं लिहा, मला काही वाटणार नाही."

त्यांनी डोळ्यावरचं भिंग न काढता कागद वाचला. "काही वाटणार नाही हे नक्की ना?"

"अहो, नक्की."

"मग ते शेवटचं वाक्य आहे ना, स्वतःच्या भावना मला ओळखता येतात, तिथे दोनच द्यावे लागतील."

ताई उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी जरा मोठ्यानं लावू लागल्या. वीस मिनिटांनी यजमान कागद घेऊन आले. एकतीस गुण दिले होते. "त्यातले सातआठ भांड्यांचा आवाज ऐकून वाढवलेत," ते म्हणाले.

ताईंना हसू आलं, आणि मागोमाग डोळेही भरून आले. "मला वाटायचं, मी त्यांना त्यांच्यापेक्षा जास्त ओळखते."

"अगं, तुझा त्यांच्यावर जीव आहे, ते सगळ्यांना माहीत आहे," यजमान म्हणाले. "पण मला चहा हवाय की नको हे तू तीस वर्षांत विचारलेलं नाहीस. तू आणून ठेवतेस. मी पितो."

"म्हणजे तुम्हाला नको असतो?"

"कधी कधी नको असतो."

ताई ओट्याला टेकल्या. तीस वर्षांचा चहा त्यांच्या डोळ्यांपुढून गेला.

दुसऱ्या दिवशी दुपारी जिन्यावर अनोळखी पावलं वाजली. पावाच्या कंपनीची टोपी घातलेला एक तरुण घाईघाईनं उतरत होता. घडीवालीचा नवरा. रोलरवरच्या बाईनं त्याच्याकडे असं बघितलं की तो शेवटच्या पायरीवरच थबकला.

त्याला आधी बोलू द्यावं, असं ताईंच्या मनात क्षणभर येऊन गेलं. कालचा एकवीसचा आकडा ताजा होता. पण समोर तो माणूस उभा, मागे ती गरीब मुलगी, आणि ताई गप्प बसल्या असत्या तर त्या ताई कसल्या.

"हे बघा," त्या उठून म्हणाल्या, "ती एकटी नाही. आम्ही सगळे तिच्या पाठीशी आहोत. हसतीखेळती पोर होती. पाच आठवड्यांत तुम्ही तिची काय दशा करून टाकलीत."

तो गोंधळून म्हणाला, "मी? अहो, मी तर तेव्हाच म्हणत होतो की दुसऱ्या डॉक्टरला दाखवू."

"डॉक्टरपर्यंत गेलं?" ताईंचा आवाज चढला.

"जाणारच ना. दोन्ही एकदमच काढावे लागले."

"काय काढावे लागले?"

"दात," तो म्हणाला. "पुढचे दोन. मुळाशी पू झाला होता. आज नवे तयार झालेत म्हणून डॉक्टरांचा निरोप आला. चारला बोलावलंय, तेच सांगायला आलो."

मेजामागून एक विचित्र आवाज आला. घडीवालीनं तोंडावर टॉवेल दाबला होता, खांदे गदागदा हलत होते. ताई धावल्या, त्यांना वाटलं ती रडतेय. तिनं टॉवेल काढला. पुढच्या दोन दातांच्या जागी मोठी खिडकी, आणि ती पोट धरून हसत होती.

"अगं, मग मला सांगायचं नाही का?"

"मी दुसऱ्याच दिवशी आले होते की सांगायला," ती म्हणाली. प्रत्येक 'स'ला बारीक शिट्टी वाजत होती. "मी म्हटलं, ताई, माझे. तुम्ही मला जवळ घेतलंत आणि म्हणालात, काही बोलू नकोस, मला सगळं समजलंय."

यंत्रवाल्याला आता राहवलं नाही. तो यंत्राला टेकून हसायला लागला, मग रोलरवरची बाई, मग सगळेच.

"पहिले दोन दिवस बरं वाटलं," घडीवाली डोळे पुसत सांगत होती. "अभ्रे हलके असतात. पण मग सगळे इतके हळू बोलायला लागले की मलाच भीती वाटायला लागली. घरी जाऊन यांना दोनदा विचारलं, आपलं सगळं ठीक आहे ना."

"तीनदा," नवरा म्हणाला. "मला वाटलं माझंच काही चुकलं. मी दर रविवारी फिरायला न्यायला लागलो."

ताई खुर्चीवर बसल्या. कानांपर्यंत लाल झाल्या होत्या. पण ती मुलगी सुखरूप होती, तिचं घर सुखरूप होतं, आणि जी भीती त्या पाच आठवडे छातीवर घेऊन फिरत होत्या ती निव्वळ खोटी निघाली होती. त्यांना एकदम इतकं हलकं वाटलं की त्याही हसत सुटल्या. "माझं चुकलं," ताई त्या पोराला म्हणाल्या. "तुमच्याबद्दल मी फार वाईट विचार केला. या मुलीचं ऐकूनही घेतलं नाही." लाँड्रीत हे शब्द त्यांच्या तोंडून कोणी ऐकलेच नव्हते. यंत्रवाल्यानं हळूच रोलरवरच्या बाईकडे बघितलं.

घडीवाली नवऱ्याबरोबर गेल्यावर ताई इस्त्रीच्या फळीपाशी गेल्या.

"तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"तुम्हाला कसं कळलं?"

"कळलं नाही, ताई. तिला विचारलं."

"काय विचारलंत?"

"चहा का घेत नाहीस, असं." त्यानं कोटाची कॉलर उलटली. "गरम लागतो म्हणाली. मग मी इथेच, फळीमागे, गार करून द्यायला लागलो."

"आणि मला का नाही सांगितलंत?"

तो ओशाळला. "तुम्ही म्हणालात ना, मला सगळं माहीत आहे. मला वाटलं दातांचंच म्हणताय."

आठवडाभरात मॅडमनी नव्या लाँड्रीची जबाबदारी कडकला देऊ केली. त्यानं हात जोडून नकार दिला. मी स्वतःला सतराच दिलेत, सतरा गुणांच्या माणसाला बारा माणसं सांभाळता येत नाहीत, एवढंच तो म्हणाला. मॅडमनी तऱ्हेतऱ्हेनं समजावलं, पण तो जागचा हलला नाही. शेवटी त्या ताईंच्या टेबलाशी आल्या. "मला कळतंय, तुम्हाला हे सांगणं बरं नाही," त्या म्हणाल्या, "पण त्यांच्याशी तुम्हीच बोलू शकाल."

ताईंना लागलं होतंच. मोठ्या खिडकीजवळचं ते टेबल त्यांनी मनात किती वेळा पुसून ठेवलं होतं. दोन दिवस त्या घरी कुणाशी धड बोलल्या नाहीत. पण खोटं बोलायचा त्यांचा स्वभाव नव्हता. बारा नव्या, बुजलेल्या माणसांना कोण हवं, हे त्यांना आता स्वच्छ दिसत होतं. तिसऱ्या दिवशी त्या एक स्टूल घेऊन इस्त्रीपाशी जाऊन बसल्या.

कडक का नाही म्हणतोय, हे त्यांना अर्थातच माहीत होतं. ताईंची जागा आपण घेतली तर त्यांच्या मनाला लागेल, म्हणून. इतका भला माणूस. 'माझी काळजी करू नका' हे वाक्य त्यांच्या ओठांवर आलंही. त्यांनी ते गिळलं.

"तुम्ही का नको म्हणताय?" त्यांनी विचारलं, आणि दोन्ही हातांनी स्टुलाची कड धरून ठेवली.

कडकनं एक बाही इस्त्री केली. मग दुसरी. मग पाठ. ताईंच्या जिभेवर सहा उत्तरं येऊन गेली. एवढा वेळ गप्प बसायची त्यांची ही पहिलीच वेळ असावी. कोट हँगरला लागला, दुसरा कोट फळीवर आला.

"फोन," कडक म्हणाला.

"काय?"

"प्रमुखाच्या टेबलावर फोन असतो. वॉर्डातून येतात, पुरवठादारांचे येतात. माणूस समोर दिसत नसला की माझी दातखीळच बसते. घरी फोन वाजला तर मी बाथरूममध्ये जातो."

ताई स्टुलावरून अर्ध्या उठल्या. "म्हणजे माझ्या मनाला लागेल म्हणून नाही?"

कडकनं इस्त्री उभी केली. त्यानं खरोखरच विचार केला. "ते डोक्यातच आलं नव्हतं, ताई. लागलं का तुम्हाला?"

"लागलं," ताई म्हणाल्या. हे इतकं सरळ बाहेर पडलं याचं त्यांनाच नवल वाटलं. "बरंच लागलं. आता कमी झालंय."

"मग मी जात नाही."

"जायचंच," ताई म्हणाल्या. "फोनचं बघू या. त्याला काय लागतं, बोलणारं एक माणूस लागतं." मग त्यांना आठवण झाली, आणि त्यांनी पुढे विचारलं, "चालेल का तुम्हाला?"

बोलणारं माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. नवे दात बसल्यापासून घडीवाली पाच आठवड्यांची थकबाकी वसूल करत होती. तिच्या बोलण्यापुढे रोलरचा आवाज कमी पडायचा. तिला ताईंनी विचारलं, तिनं हो म्हणायच्या आधी दोन प्रश्न विचारले, ताईंनी दोन्ही शेवटपर्यंत ऐकले. दुसरा बराच लांब होता.

नवी लाँड्री एका सोमवारी सकाळी सुरू झाली. पहिल्या दिवशी मदतीला म्हणून ताई रस्ता ओलांडून गेल्या. खिडक्यांतून ऊन थेट यंत्रांवर पडलं होतं. बारा नवी माणसं भिंतीशी उभी होती, आणि कडक एकेकापाशी जाऊन हळू आवाजात काहीतरी विचारत होता. पहिलं यंत्र फिरू लागलं. आतून चादरींचा पांढरा गोळा काचेवर आपटला तेव्हा एका नव्या मुलीनं टाळ्या वाजवल्या आणि लगेच लाजून हात मागे लपवले. कोपऱ्यात घडीवाली फोनवर बालरोग विभागाला सांगत होती, की हो, टॉवेल अकरापर्यंत नक्की, आणि तुमचा आवाज बसलाय का, घसा दुखतोय का.

दोन तास ताई या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरल्या, ट्रॉल्या ढकलल्या, ड्रायरचं दार कसं ओढून लावायचं ते दाखवलं. वाळलेल्या चादरींचा पहिला ढीग मेजावर आला. त्याची ऊब हाताला लागली तशा त्या जरा थांबल्या.

कडक शेजारी येऊन उभा राहिला. "ताई, कसं वाटतंय तुम्हाला?"

एरवी त्यांनी पटकन उत्तर दिलं असतं. आता त्या चादरीवर हात ठेवून खरंच शोधायला लागल्या, आत काय आहे ते. थोडी हुरहुर होती, थोडा हेवा होता, आणि बाकी सगळीकडे एक मोठा, मोकळा आनंद पसरला होता, ज्याचं कारण त्यांना धड सांगता आलं नसतं.

"थांबा जरा," त्या म्हणाल्या. "बघून सांगते."

कडक थांबला. त्यानं एक टोक उचललं, ताईंनी दुसरं, आणि दोघांनी मिळून ती चादर झटकून घडी घातली.